केंद्रातून घरी आल्यावर पुढे काय? अमली पदार्थांच्या व्यसनातून पुनर्वसनाची सामाजिक बाजू

अर्धविराम

व्यसनमुक्तीचा विषय निघाला की सगळी चर्चा केंद्राच्या दारापाशी थांबते. केंद्र कुठलं चांगलं, किती दिवस ठेवतात, आत काय करतात. खरी परीक्षा दाराबाहेर असते, म्हणून हा धागा फक्त बाहेरच्या भागासाठी. ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी नेमकं लिहावं. 'इच्छाशक्ती हवी' एवढाच प्रतिसाद असेल तर कृपया टाळा.

शरीर मोकळं करणं हा तुलनेने लहान भाग. हेरॉइनची टर्की (पदार्थ बंद झाल्यावर शरीराला होणारा त्रास) शेवटच्या डोसनंतर ८ ते २४ तासांत सुरू होते आणि ४ ते १० दिवसांत ओसरते. मेथाडोनची (हेरॉइनऐवजी उपचारात दिलं जाणारं औषध) उशिरा सुरू होऊन १० ते २० दिवस रेंगाळते. दारू आणि बेंझोडायझेपिन गटातल्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर आकडी येऊन जीव जाऊ शकतो, त्यामुळे तो भाग डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवा. पण कितीही धरलं तरी हा हिशोब दिवसांचा आणि आठवड्यांचा. पुढचा वर्षांचा.

व्यसनाने माणसाचा दिवस भरलेला असतो. पैसे कुठून आणायचे, माल कुठे मिळेल, कोणाबरोबर बसायचं, घरी काय सांगायचं. पदार्थ काढून घेतला की हे सगळंच निघून जातं आणि मागे उरतो रिकामा वेळ, कर्ज, आणि आपल्याकडे संशयाने पाहणारं घर. ओळखीचे म्हणावेत ते सगळे त्याच वर्तुळातले. त्याला परत जायला दुसरी जागाच नसते.

म्हणून माझं म्हणणं असं की घरी सोडण्याच्या निदान दोन आठवडे आधी घरच्यांना बसवून कागदावर योजना लिहावी. पहिल्या सात दिवसांतली भेटीची तारीख आणि वेळ. औषध चालू असेल तर ते कोणाच्या ताब्यात राहील. पैसे कोणाकडे. जुना फोन नंबर ठेवायचा की बदलायचा. (बदललेला बरा, पण जुन्या फोनमधले नंबर त्याने स्वतः पुसावेत. घरच्यांनी गुपचूप पुसले तर तो ते पाठ असलेल्या नंबरावरून परत मिळवतो आणि वर भांडायला कारण मिळतं.) दिवसाचे कुठले तास सर्वात अवघड आणि त्या तासांत तो कुठे असेल. आणि पाय घसरला तर पहिला फोन कोणाला. हे सगळं 'घरी गेल्यावर बघू' म्हणून सोडलं जातं आणि मग पहिल्याच शनिवारी संध्याकाळी बघायची वेळ येते.

तिसरी घंटा

योजनेत एक गोष्ट सगळ्यात वर हवी होती. ओपिऑइड (हेरॉइन, अफू, फेंटानिल, तीव्र वेदनाशामकं) घेणाऱ्याच्या जिवाला सर्वात जास्त धोका असतो तो केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत. कारण साधं आहे. काही दिवस बंद राहिलं की शरीराची सवय उतरते, पण डोक्यात मात्रा जुनीच असते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा धोका सर्वसामान्य लोकांच्या १२९ पट होता.

त्यामुळे घरात नॅलोक्सोन (ओपिऑइडच्या अतिमात्रेवरचा उतारा) हवं आणि ते वापरता येणारी निदान दोन माणसं हवीत. लक्षणं: हाक मारून, छातीच्या हाडावर मुठीने घासूनही जाग नाही, श्वास अगदी मंद, ओठ-नखं निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. घशातून घोरल्यासारखा घरघर आवाज येतो आणि घरचे समजतात की गाढ झोपलाय. इथेच जीव जातात. आधी रुग्णवाहिकेला फोन, मग नाकातला ४ मिलिग्रॅमचा फवारा एका नाकपुडीत किंवा ०.४ मिलिग्रॅमचं इंजेक्शन दंडाच्या वा मांडीच्या स्नायूत. तोंडाने श्वास द्यायचा. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवायचं. औषधाचा असर ३० ते ९० मिनिटांत उतरतो आणि आतला पदार्थ त्याहून जास्त वेळ टिकू शकतो, म्हणून 'उठला, बोलला, आता ठीक आहे' म्हणून एकटं सोडायचं नाही. पदार्थ ओपिऑइड नसेल तर नॅलोक्सोनचा उपयोग होत नाही, अपायही होत नाही. शंका असली तरी द्यावं.

सामाजिक धाग्यात हे कशाला, असं वाटेल. कारण बरीच कुटुंबं 'असली वस्तू घरात ठेवणं म्हणजे परत घेशील असं आधीच मानणं' म्हणून नकार देतात. अपशकुनाची भीती, दुसरं काही नाही.

खडूफळा

उपयुक्त. एक प्रश्न. घरचे म्हणतात, विश्वास कसा ठेवायचा? लघवीची तपासणी घरच्या घरी करणारी किट मिळतात. ती वापरावीत का?

पाणवठा

वापरता येतात, पण आधी करार, मग किट. करार म्हणजे तपासणी कोण करणार, आठवड्यातून किती वेळा, निकाल कोणाला कळणार, आणि पॉझिटिव्ह आली तर नेमकं काय होणार, हे त्याच्या संमतीने लिहिलेलं. संमतीशिवाय केलेली तपासणी म्हणजे झडती. त्यातून चोरून-लपवून करण्याचं जुनंच कौशल्य परत धार घेतं.

दुसरं, निकाल वाचता आला पाहिजे. हेरॉइन साधारण २ ते ३ दिवस दिसतं, कोकेन आणि मेथअँफेटामिन २ ते ४ दिवस. गांजा एकदाच ओढला तर सुमारे ३ दिवस, पण रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो बंद केल्यावरही ३० दिवस किंवा जास्त दिसू शकतो. याची कल्पना नसलेल्या घरात तीन आठवडे स्वच्छ राहिलेल्या मुलाला खोटारडा ठरवलं जातं. मग तो म्हणतो, ओरडा खायचाच आहे तर घेऊनच खाऊ. उलट बाजूने, साध्या ओपिएट (अफूपासून बनणारे पदार्थ) पट्टीवर फेंटानिल, ट्रॅमॅडॉल, मेथाडोन आणि त्याच्यासारखंच उपचारातलं ब्युप्रेनॉर्फिन दिसत नाहीत, त्यांच्या पट्ट्या वेगळ्या. खसखस खाल्ल्याने ओपिएट आणि सर्दीच्या काही औषधांनी अँफेटामिन पॉझिटिव्ह येऊ शकतं. म्हणून घरच्या पट्टीचा निकाल हा संशय समजावा, पुरावा नव्हे. पुराव्यासाठी प्रयोगशाळेतली खातरजमा लागते. नमुना ताजा आहे का हे बघायचं तर चार मिनिटांच्या आत तापमान ३२ ते ३८ अंश सेल्सिअस असायला हवं.

माझं स्पष्ट मत: तपासणी घरातल्या कोणी करू नये, दवाखान्यात व्हावी. आई किंवा बायको पोलीस झाली की तिच्याशी बोलण्यासारखं काही उरत नाही.

घरच्यांनी करायचं काम वेगळं आहे. रॉबर्ट मेयर्स यांनी विकसित केलेली 'क्राफ्ट' नावाची पद्धत त्यासाठी शिकण्यासारखी आहे. गाभा असा: तो न घेता घरी आला त्या संध्याकाळी त्याच्या आवडीचं काहीतरी घडावं, एकत्र जेवण, गप्पा, फिरायला जाणं. घेऊन आला तर भांडण नाही, उपदेश नाही, पण ती सोबतही नाही. आणि त्याच्या वागण्याचे परिणाम त्याच्यापर्यंत पोचू द्यायचे. साहेबांना खोटा फोन करायचा नाही, कर्ज गुपचूप फेडायचं नाही. उपचारांचा विषय काढायचा तो शुद्धीवर असताना, नुकसान ताजं असताना आणि अपॉइंटमेंट आधीच हातात असताना, म्हणजे 'हो' म्हटल्यावर चोवीस तासांत नेता येतं. घरात मारहाण होत असेल तर मात्र आधी सुरक्षित जागा, बाकीचं नंतर.

१९९९ साली दारू सोडायला तयार नसलेल्यांच्या १३० नातेवाइकांवर तीन पद्धती ताडून पाहिल्या गेल्या. क्राफ्टने ६४ टक्के लोक उपचारांपर्यंत आले, सगळ्यांनी मिळून घेरून समोरासमोर सुनावण्याच्या पद्धतीने ३० टक्के, आणि नातेवाइकांच्या स्वमदत गटाच्या वाटेने १३ टक्के. (तो गट मुळात नातेवाइकांना सावरण्यासाठी असतो, पेशंटला उपचारांना आणण्यासाठी नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.) घेरण्याच्या पद्धतीत गंमत अशी की बहुतेक कुटुंबं तो प्रसंग घडवून आणण्याआधीच माघारी फिरली.

उलटतपासणी

सगळं ठीक, पण आता या धाग्यावर कोणीतरी उंदरांची बाग आणणार आणि 'माया दिली की व्यसन जातं' म्हणणार, म्हणून आधीच लिहितो.

मानसशास्त्रज्ञ ब्रूस अलेक्झांडर यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी कॅनडात हे उंदरांच्या बागेचे प्रयोग केले. एकट्या पिंजऱ्यातल्या उंदरांनी मॉर्फिनचं पाणी भरपूर प्यायलं, मोकळ्या जागेत सोबतीने राहणाऱ्यांनी कमी. गोष्ट छान आहे, पण पुढे तसेच प्रयोग करणाऱ्यांना प्रत्येक वेळी तोच निकाल मिळाला नाही. दुसरं ठरलेलं उदाहरण व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचं. ली रॉबिन्स यांच्या पाहणीत सुमारे २० टक्के सैनिक तिथे असताना हेरॉइन-अफूवर अवलंबून होते. परतल्यावर त्यांच्यापैकी पहिल्या वर्षात ५ टक्केच पुन्हा त्या अवस्थेत गेले, तीन वर्षांत कधी ना कधी १२ टक्के. यावरून 'परिसर बदला, व्यसन जाईल' असा निष्कर्ष काढला जातो. पण ते सैनिक पदार्थाच्या गावातून आपल्या गावी परतले होते. आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ते पदार्थाच्या गावातच परत जातात. उदाहरण खरं आहे, लागू उलट्या बाजूने होतं.

अर्धविराम

@उलटतपासणी, पटलं. भर घालतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या वेनिरो आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात उंदरांना एक दांडी दाबली तर मेथअँफेटामिन आणि दुसरी दाबली तर जोडीदाराची भेट, असा पर्याय दिला. बहुतेकांनी जोडीदार निवडला, पदार्थाची सवय लागलेल्यांनीसुद्धा. पण जोडीदार भेटायला उशीर केला किंवा जोडीदारासोबत विजेचा झटका दिला की ते पदार्थाकडे वळले. सोबत असणं पुरेसं नाही, ती वेळेवर मिळायला हवी आणि तिच्याबरोबर झटका नको. टोमणे मारणारं घर उंदराच्या भाषेत काय ठरतं ते ज्याचं त्याने बघावं.

जुन्या गल्लीत परत जायचं नसेल तर मधली जागा लागते. 'ऑक्सफर्ड हाउस' ही कल्पना १९७५ मध्ये अमेरिकेत मेरीलँडमध्ये सुरू झाली. व्यसनातून बाहेर पडणारे सहा-दहा जण भाड्याचं घर घेतात. अधीक्षक नाही, समुपदेशक नाही. भाडं आणि खर्च सगळ्यांत विभागलेला, पदाधिकारी मतदानाने आणि ठरावीक मुदतीसाठी, आणि घेतलं तर घर सोडायचं हा नियम. मुक्कामाला मुदत नाही. उपचार संपवलेल्या १५० जणांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागून अभ्यास झाला. २४ महिन्यांनी पदार्थ घेणाऱ्यांचं प्रमाण या घरांत गेलेल्यांत ३१.३ टक्के होतं, नेहमीच्या पाठपुराव्यावर सोडलेल्यांत ६४.८ टक्के.

असं घर कुठे फसतं? एकच माणूस बराच काळ खजिनदार राहिला की, भाडं थकवणाऱ्याला 'बिचारा' म्हणून सोडलं की, आणि घसरलेल्याला त्याच रात्री बाहेर काढताना कुठे जायचं ते आधी ठरलेलं नसलं की. शेवटची गोष्ट जीवघेणी आहे, कारण तिसरी घंटा यांनी लिहिलेला धोका नेमका त्याच रात्रीचा.

रानजाई

आतापर्यंतच्या सगळ्या प्रतिसादांत पेशंट 'तो' आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या जागतिक अहवालानुसार अमली पदार्थांचा विकार असलेल्या पुरुषांपैकी सातात एकाला उपचार मिळाले, बायकांमध्ये अठरात एकीला. कारणं बहुतांश सामाजिक आहेत. पुरुष दाखल होतो तेव्हा मुलं आणि घर बाई सांभाळते. बाई दाखल झाली तर कोण? मुलं हिरावून घेतील ही भीती तर उपचारांचा शब्दही उच्चारू देत नाही. त्यातून अनेकींना पदार्थ देणारा आणि पुरवणारा त्यांचा जोडीदारच असतो. त्याच घरात परत पाठवून 'फॉलोअपला येत नाही' अशी तक्रार करणारे लोक मला कळत नाहीत.

काम करताना काही गोष्टी ठरवून बदलाव्या लागतात. भेटीची वेळ मुलांच्या शाळेच्या वेळात ठेवायची. मुलाला सोबत आणायची मुभा आणि त्याला बसवायला जागा. बायकांचा गट वेगळा, कारण मिश्र गटात मारहाणीबद्दल आणि लैंगिक अत्याचाराबद्दल कोणी बोलत नाही. घरी फोन केला तर केंद्राचं नाव सांगायचं नाही, कोणता नंबर आणि कोणती वेळ सुरक्षित हे पहिल्या दिवशी विचारून ठेवायचं. जोडीदारही घेत असेल तर दोघांचे उपचार एकदमच सुरू करावेत, वेगवेगळ्या समुपदेशकांकडे.

गरोदर असेल तर अजून एक. ओपिऑइडवर असलेल्या गरोदर बाईला 'बाळासाठी आजच सोड' म्हणून अचानक बंद करायला लावणं चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१४ ची मार्गदर्शक सूचना मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवण्याची आहे. बाळाला जन्मानंतर काही दिवस त्रास होऊ शकतो, त्यावर उपचार आहेत, आणि औषध नियमित चालू असलेल्या आईला अंगावर पाजायला प्रोत्साहन दिलं जातं. नात्यागोत्यातल्या बायका तिचं औषध बंद करायला टपलेल्या असतात. त्यांना डॉक्टरांसमोर बसवून एकदाच नीट सांगून टाकावं.

बोरूबहाद्दर

संस्कृतीच्या अंगाने कोणीच लिहिलं नाही. श्रद्धा, शपथ, सामूहिक विधी यांचं काय?

थायलंडमधला थामक्राबोक मठ बघा. १९५९ पासून तिथे अफू-हेरॉइनच्या व्यसनींना घेतात. आल्यावर आजन्म न घेण्याची शपथ, 'सच्चा', म्हणजे आपलं सत्यच. मग पाच दिवस वनस्पतींचा काढा पिऊन सगळ्यांसमोर ओकायचं, बाकीचे गाणी म्हणून धीर देतात. मठाचे प्रमुख फ्रा चामरून यांना १९७५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कॅनडातल्या अल्कली लेक या आदिवासी वस्तीत १९७२ मध्ये फिलिस आणि अँडी चेल्सी या जोडप्याने दारू सोडली, आणि पुढच्या दीड दशकात जवळजवळ सगळी वस्ती दारूतून बाहेर आली. तिथे उपचारांबरोबर हरवलेले सोहळे, घामघरं (वाफेत बसून घाम काढण्याच्या विधीच्या झोपड्या), नाच परत आणले गेले. आत्मसन्मान एकेकट्याचा नव्हे, सगळ्या गावाचा परत आला.

उलटतपासणी

अल्कली लेकचं मान्य. पण तिथलं फक्त सोहळ्यांचं वर्णन केलंत तर अर्धी गोष्ट होते. अँडी चेल्सी वस्तीचे प्रमुख झाले आणि त्यांनी मदतीचे पैसे रोख देण्याऐवजी किराणा-कपड्यांच्या कुपनांनी द्यायला सुरुवात केली. दारू आणून विकणाऱ्यांना पकडून दिलं. आईबाप उपचारांना गेले की बाकीची वस्ती त्यांची मुलं सांभाळी आणि परत येईपर्यंत घर दुरुस्त करून ठेवी. सोहळा या सगळ्याच्या जोडीला होता.

शपथेबद्दल शंका अशी. मठात शपथ आयुष्यात एकदाच, मोडली तर पुन्हा प्रवेश नाही. पहिल्यांदा सावरणाऱ्याला त्याने बळ मिळत असेल. पण ज्याची मोडली त्याचं काय? देवासमोर, आईच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडल्यावर माणूस ते लपवतो, आणि लपवायला म्हणून अजून घेतो.

पाणवठा

याच गोष्टीवर मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी १९८० च्या दशकात काम केलं. एकदा घसरणं आणि पूर्ण परत जाणं या दोन घटना. पहिलीतून दुसरीत नेतो तो 'आता सगळं संपलंच' हा विचार, आणि घरच्यांचा पहिला उद्गार नेमका तोच असतो.

शपथ ज्याला घ्यायची त्याला घेऊ द्यावी. मात्र तिची भाषा 'आज घेणार नाही, आणि घेतलं तर चोवीस तासांत अमुक व्यक्तीला सांगेन' अशी असावी. दुसरा अर्धा भाग घरच्यांनीही ऐकलेला हवा. घसरल्याचं कळलं की त्या दिवशी फक्त तीन प्रश्न: काय, किती आणि कधी घेतलं. कारणं, आठवणी, हिशेब काही नाही. उरलेला माल आणि साधनं त्याच्यासमोर नष्ट करायची. रात्री एकटं झोपू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी समुपदेशकाकडे, आणि तिथे गेल्यावर आदल्या तीन-चार दिवसांचा माग काढायचा: कोण भेटलं, झोप किती झाली, पैसे कुठून आले, कोणाशी वाजलं. बहुतेक वेळा घसरणं दोन-तीन दिवस आधी सुरू झालेलं सापडतं. स्वतःच्या स्वमदत गटाची बैठक चुकवली, औषधाचा एक डोस राहिला, जुन्या मित्राला 'सहज' फोन केला.

तिसरी घंटा

डोसावरून आठवलं. गटांमध्ये आणि घरांमध्ये एक समजूत घट्ट आहे, की मेथाडोन-ब्युप्रेनॉर्फिन घेणारा 'अजून क्लीन नाही', एक व्यसन जाऊन दुसरं आलं. या समजुतीने माणसं मरतात. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून आलेले आकडे: मेथाडोन चालू असताना दर हजार माणसांमागे वर्षाला ११.३ मृत्यू, बंद केल्यावर ३६.१. ब्युप्रेनॉर्फिनचे ४.३ आणि ९.५. बंद केल्यानंतरचे पहिले चार आठवडे सर्वात वाईट. तेव्हा 'सणाच्या आत गोळी सुटली पाहिजे' असली मुदत नातेवाइकांनी घालू नये. मेथाडोनचा नेहमीचा डोस दिवसाला ६० ते १२० मिलिग्रॅम असतो. भीतीपोटी तो निम्म्यावर आणला की तलफ राहते आणि पेशंट वरून हेरॉइन घेतो. मग सगळे म्हणतात, बघा, औषधाचा उपयोग नाही.

मेथाडोन घरी देत असतील तर कुलपात. लहान मुलाला एक घोटही पुरतो.

कोकेन-मेथअँफेटामिनवर अशी मान्य औषधं नाहीत. तिथे बक्षीस पद्धत सर्वात चांगली चालते. मानसशास्त्रज्ञ नॅन्सी पेट्री यांच्या पद्धतीत एका भांड्यात ५०० चिठ्ठ्या असतात: २५० वर नुसती शाबासकी, २०९ वर छोटं बक्षीस, ४० वर मोठं, एकीवर सर्वात मोठं. तपासणी स्वच्छ आली की चिठ्ठी काढायची. सलग स्वच्छ आल्या की चिठ्ठ्यांची संख्या वाढत जाते, एक चुकली किंवा पॉझिटिव्ह आली की पुन्हा एकीवर. तपासणी आठवड्यातून दोन-तीनदा हवी. एकदाच केली तर मधल्या दिवसांत घेतलेलं निसटतं. आणि बक्षीस तिथल्या तिथे. पुढच्या महिन्यात देऊ म्हटलं की परिणाम गेला. 'न घेण्याबद्दल बक्षीस कसलं?' हा आक्षेप येतोच. आक्षेप घेणाऱ्यांना ऑफिसात बोनस चालतो.

जमाखर्च

कामाबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून.

'आधी वर्षभर सावरू दे, मग नोकरी' हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. रिकामं वर्ष हा स्वतःच धोका आहे. पहिल्या काही आठवड्यांत अर्धवेळ काम, ठरलेल्या तासांचं, जुन्या वर्तुळाबाहेरचं. टाळावं असं काम: रात्रपाळी, ज्यात झोप मोडते. एकट्याने लांबचा प्रवास. रोखीचा व्यवहार. सॅन फ्रान्सिस्कोमधली डिलान्सी स्ट्रीट ही व्यसनातून आणि तुरुंगातून आलेल्यांची निवासी संस्था १९७१ पासून टोकाचं उदाहरण आहे. तिथले रहिवासीच हॉटेल, सामान हलवण्याचा धंदा वगैरे चालवतात, मुक्काम निदान दोन वर्षं, आणि जुना रहिवासी नव्याला शिकवतो. तिथली शिकण्यासारखी गोष्ट ही की माणसाला लवकरच दुसऱ्या कोणाची तरी जबाबदारी मिळते.

पगाराचा दिवस सर्वात अवघड. शक्य असेल तर पगार महिन्याऐवजी आठवड्याने घ्यावा. खात्यात आल्याबरोबर भाडं, हप्ता, घरखर्च आपोआप वळते व्हावेत आणि हातात चार-पाच दिवसांपुरतेच राहावेत. ही व्यवस्था सहा महिन्यांनी तपासून सैल करायची तारीख आधीच लिहून ठेवा. तारीख नसलेली देखरेख शिक्षा वाटते.

कर्जाची यादी एकदा पूर्ण काढायची, लाजेने वगळलेल्या रकमांसह. क्रम असा: आधी जिथे मारहाणीची भीती आहे ते, मग गहाण वस्तू, मग संस्थांचं कर्ज, शेवटी नातेवाईक. नातेवाइकांना रक्कम आणि अंदाजे महिना सांगितला की बहुतेक जण थांबतात. सगळं एकदम फेडायच्या नादात जास्तीचं काम घेतलं की झोप जाते आणि मागोमाग बाकीचंही. विकणाऱ्याची उधारी फेडायला पेशंटला पाठवू नये. दुसऱ्या कोणी, दिवसा, आणि सोबत घेऊन जावं.

खडूफळा

कायद्याचा भाग या धाग्यात येतो का? पोर्तुगालचं उदाहरण नेहमी दिलं जातं.

उलटतपासणी

येतो, कारण गुन्ह्याची नोंद असलेल्याला जमाखर्च म्हणतात तसली नोकरी मिळत नाही. पोर्तुगालने जुलै २००१ पासून दहा दिवसांच्या वापराइतका साठा बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं. बंदी कायम आहे, विक्री गुन्हाच आहे. सापडलेल्याला तीन जणांच्या आयोगापुढे जावं लागतं, त्यात कायदा, आरोग्य आणि समाजकार्य या बाजूंची माणसं. व्यसन नसेल तर प्रकरण बहुधा स्थगित होतं, असेल तर उपचारांकडे वळवतात. जोडीला उपचारांची सोय वाढवली आणि व्यसनातून बाहेर आलेल्याला कामावर घेणाऱ्या मालकाला सरकारने वेतनात मदत दिली.

अमेरिकेतल्या ओरेगनने फेब्रुवारी २०२१ पासून गुन्हा काढला आणि १०० डॉलरचा दंड ठेवला, हेल्पलाइनला फोन केला तर तो माफ. फोन फारच थोड्यांनी केले, उपचारांचा पैसा केंद्रांपर्यंत पोचायला उशीर झाला, आणि सप्टेंबर २०२४ पासून बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. त्या काळात फेंटानिलही तिथे पसरत होतं, त्यामुळे सगळं खापर कायद्यावर फोडता येत नाही. पण पावतीवर छापलेला फोन नंबर आणि टेबलापलीकडे बसलेली तीन माणसं यांत फरक आहेच.

खडूफळा

धन्यवाद. शेवटचा प्रश्न, जमाखर्च यांना. मुलाखतीत मधल्या दोन वर्षांबद्दल विचारलं तर काय सांगावं? आणि समारंभात कोणी पेला पुढे केला तर?

जमाखर्च

मुलाखतीत खोटं अजिबात नको, कारण ते पुढे उघड होतं आणि त्या भीतीत रोज काम करावं लागतं. तपशीलही नको. 'तब्येतीच्या कारणाने काम थांबलं होतं, उपचार झाले, आता डॉक्टरांच्या मते कामाला योग्य आहे' एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. वाहन, यंत्र, औषधं यांच्याशी संबंध असलेल्या कामात मात्र काय उघड करणं कायद्याने बंधनकारक आहे ते आधी तपासावं. मेथाडोनसाठी रोज केंद्रावर जावं लागत असेल तर वेळेची सवलत रुजू होण्यापूर्वीच मागावी, नंतर मागितली की चौकशी सुरू होते.

समारंभाला उशिरा जावं, लवकर निघावं, परतीचं वाहन स्वतःचं असावं आणि माहिती असलेलं एक माणूस बरोबर असावं. हातात आधीच पाण्याचा किंवा सरबताचा पेला धरला की निम्मे आग्रह होतच नाहीत. उरलेल्यांना 'औषध चालू आहे' हे तीन शब्द. तिसऱ्यांदा कोणी आग्रह केला तर उत्तर न देता तिथून निघायचं, यजमानांना दुसऱ्या दिवशी फोन करता येतो. पहिल्या तीन महिन्यांत जुन्या मंडळींचा समारंभ असेल तर जाऊच नये.